मायाप्पाच्या कपाळाचा भंडारा

मायाप्पाला पोलिसांनी धरून नेलं ते एका घोंगडीपायी. खरं तर घोंगडीपायीही नव्हे, नाव न विचारल्यापायी. आणि नाव न विचारणं हा गुन्हा असेल, तर तो त्याच्या बापाचा, आज्याचा आणि साऱ्या धनगरांचा पिढीजात गुन्हा होता.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, जिथं माणूस रागावला की कानडीत बोलतो आणि राग उतरला की मराठीत, तिथल्या बिरोबाच्या वाडीचा हा गडी. दिवाळी उरकली की तिकडच्या रानातलं गवत संपतं. मग मायाप्पा आणि त्याची बायको राजाबाई मेंढरं हाकत भीमेच्या काठाला, टेंभुर्णीच्या बाजूला जात. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्याच्या रानाला खत मिळायचं, मेंढरांना पाला आणि यांना दाणागोटा. उघड्या माळावर जाळीच्या आत मेंढरं आणि बाहेर तीन दगडांची चूल, त्यालाच ते वाडा म्हणत. अशा वाड्यावर कुणी आलं की आधी भाकरी आणि दूध पुढं करायचं. त्याचं पोट भरेपर्यंत नाव, गाव, जात काही विचारायचं नाही. नाव विचारून वाढलेली भाकरी म्हणजे सौदा झाला, असं मायाप्पाचा बाप म्हणायचा.

आणीबाणीच्या पहिल्या थंडीत एका संध्याकाळी चष्मा लावलेला एक तरुण वाड्यावर आला. चपलेचा अंगठा तुटलेला, ओठ उललेले. जेवता जेवताच त्याचे डोळे मिटायला लागले. मायाप्पानं त्याला झोपू दिलं. पहाटे तो निघाला तेव्हा कुडकुडत होता, म्हणून आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली. तेवढ्यात एक मेंढी जाळीत अडकून ओरडायला लागली, मायाप्पा तिकडं धावला, आणि नाव विचारायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी तो तरुण केमच्या स्टेशनवर पोलिसांना सापडला. सरकारविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांपैकी तो होता आणि सरकार त्याला बरेच दिवस हुडकत होतं. शहरी पोराच्या खांद्यावर धनगरी घोंगडी बघून पोलिसांनी माग काढला तो थेट मायाप्पाच्या चुलीपर्यंत. हा कोण, कुठला, कुणी पाठवला, असं विचारल्यावर मायाप्पा एकच सांगत राहिला, नाव इचारलं न्हाय सायेब. तिकडं त्या तरुणालाही घोंगडीवाल्याचं नाव सांगता येईना, कारण त्यानंही ते विचारलं नव्हतं. दोघांचं खरं एकसारखं निघालं आणि त्यावरूनच साहेबाची खात्री पटली की यांचं आधीच ठरलेलं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी अशी आपल्यात म्हण आहे. इथं तर चोर कुणी नव्हताच, तरी फासाची दोरी तयार होती.

मायाप्पाला दंडाला दोरी बांधून टेंभुर्णीच्या बाजारातून चालवत नेलं. बाजारात वाडीची दोन माणसं होती. त्यांनी ते बघितलं आणि गावाकडं जाऊन सांगितलं की मायाप्पाला दोरी लावून नेलं. का नेलं ते त्यांना माहीत नव्हतं, पण धनगराला पोलीस कशाला नेतात हे कुणी वेगळं सांगायला लागत नाही. मायाप्पानं कुणाचं तरी मेंढरू चोरलं, असं गावानं आपलं आपण ठरवून टाकलं.

सोलापूरला त्याला मिसाखाली आत टाकलं. मिसा म्हणजे ना आरोप, ना खटला, ना वकील. कागदावर नाव लिहिलं की माणूस आत, आणि कधी सुटणार ते सांगायला कुणी बांधील नाही. त्याच बराकीत कुंडलिक वकील होते. मूळचे टेंभुर्णीचे, सोलापुरात वकिली करणारे, भाषण केलं म्हणून आत आलेले. बाकीचे सगळे पक्षाचे, संघटनेचे, वर्तमानपत्रावर तुटून पडणारे. त्यांच्यात हा एकटा धनगर भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा. डोक्यावर छप्पर असलं की त्याला झोप यायची नाही. वकिलांनी त्याची सगळी हकीकत ऐकली तेव्हा ते आधी पोट धरून हसले आणि मग सरकून त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. पुढं दोघांचं चांगलं जमलं. मायाप्पाला एकच घोर होता, की राजाबाई एकटी कळप कसा सांभाळत असेल. तिनं तो सांभाळला. तिचा भाऊ मदतीला आला होता, पण एकदा तो सहज मायाप्पाला चोर म्हणून बोलला आणि तिनं त्याला त्याच पावली परत पाठवला.

सत्त्याहत्तर साली निवडणूक झाली, सरकार पडलं, दारं उघडली. कुंडलिक वकिलांना गावकऱ्यांनी हार घालून, हलगी लावून, उघड्या जीपमधून मिरवलं. मायाप्पा त्याच दारातून बाहेर आला आणि एस.टी. स्टँडवर जाऊन मंगळवेढ्याच्या गाडीची वाट बघत बसला. एकाच कायद्याखाली आत गेलेले दोघे, एक पुढारी होऊन निघाला आणि एक चोर. यात मायाप्पानं वकिलांना कधी दोष दिला नाही. मला मात्र तो हार अजून टोचतो.

आता काठीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वैशाखात वाडीला बिरोबाची जत्रा भरते. पालखीच्या पुढं भंडाऱ्यानं, म्हणजे देवाच्या हळदीनं, पिवळीधमक झालेली उंच वेळूची काठी चालते. ती काठी धरायचा मान मायाप्पाच्या घरात त्याच्या पणज्यापासून होता. काठी धरणाऱ्या हातावर डाग नको, हा नियम. मायाप्पा परत आल्यावर जातीचे पंच बसले. मुख्य पंच त्याचा सख्खा चुलता, येडूतात्या. म्हातारा कडक होता, पण वाकडा नव्हता. त्यानं रिवाज सांगितला. एखाद्यावर आळ आला तर तो जायच्या दोनच वाटा. एक म्हणजे, ज्यानं चोर म्हटलं त्यानंच येऊन देवापुढं म्हणावं की माझं चुकलं, आणि आपल्या हातानं त्याच्या कपाळाला भंडारा लावावा. दुसरी म्हणजे, ज्याच्यावर आळ आहे त्यानं देवापुढं कबूल करावं, बकरं द्यावं, सगळ्या जातीनं जेवावं. मग तो त्याच घडीला स्वच्छ.

कबुलीची वाट सोपी होती आणि पंचांना वाटलं मायाप्पा तीच धरेल. पण तो म्हणाला, जे केलं न्हाय ते भंडाऱ्यावर हात ठिवून कसं कबूल करू? बिरोबाच्या भंडाऱ्यावर खोटं बोललं तर कळपात रोग शिरतो, अशी त्या मुलखात पक्की समजूत आहे. येडूतात्या म्हणाला, खरं हाय. मग ज्यानं दोरी लावून नेलं त्यानंच चोर म्हटलं, त्याला घेऊन ये.

ज्यानं नेलं तो म्हणजे सरकार. आता सरकारला बिरोबाच्या वाडीला कसं आणायचं?

मायाप्पा सोलापूरला कुंडलिक वकिलांकडं गेला. वकिलांनी त्याला जवळ बसवून चहा पाजला आणि साधा विचार केला, की माणूस निर्दोष असल्याचा एखादा कागद काढून देऊ. इथंच सगळं अडलं. मायाप्पावर मेंढरू चोरल्याचा आरोप असता, तर खटला झाला असता. खटला झाला असता तर कोर्टानं त्याला सोडलं असतं आणि तो निकाल घेऊन गावात ताठ मानेनं जाता आलं असतं. पण त्याच्यावर आरोपच नव्हता. वकिलांनी एका कचेरीत अर्ज केला तर तिथल्या साहेबानं अगदी गोड शब्दांत विचारलं की तुमच्या माणसावर काही आरोपच नव्हता, मग मागं काय घ्यायचं? हे ऐकून मायाप्पा वाडीला गेला आणि येडूतात्याला तसंच सांगितलं. येडूतात्या दाढी खाजवायला लागला. आरोप नव्हता तर दोरी कशाला लावली, असं त्यानं विचारलं.

वकील स्वतः एकदा वाडीला आले. मी याच्याबरोबर आत होतो, याची सगळी हकीकत मला ठाऊक आहे, असं त्यांनी पंचांना शपथेवर सांगितलं. पंचांनी मान दिला, दूध दिलं, आणि आपसात म्हणाले की माणूस चांगला दिसतो, पण हाही आतलाच. सत्त्याहत्तरची जत्रा गेली, अठ्ठ्याहत्तरची गेली. शहात्तरला, मायाप्पा आत असताना, काठी कुणी न धरता देवळातच राहिली होती, पण या दोन्ही जत्रांत ती चुलतभावाच्या घरात होती. लागोपाठ तीन जत्रा काठी दुसऱ्या घरानं धरली की मान त्या घराचा होतो. म्हणजे एकोणऐंशीची जत्रा ही शेवटची.

त्या साली चैत्रात वकिलांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, ताबडतोब ये. मायाप्पा गेला तर वकील दारातच उभे. हातात वर्तमानपत्र, आणि तोंड असं फुललेलं की जणू तेच आत्ता सुटून आले. भारतानं जगातल्या देशांच्या मोठ्या करारावर सही केली होती. माणसाचे हक्क काय, ते त्या करारात लिहिलं होतं. त्यात नववं कलम असं, की कुणालाही मनमानी अटक करायची नाही, आणि बेकायदा अटक झालीच तर त्या माणसाला भरपाई मागायचा हक्क. करार पाळला जातो की नाही हे बघायला अठरा जाणत्या माणसांची समिती, निरनिराळ्या देशांतून निवडलेली. सही करणाऱ्या प्रत्येक देशानं त्यांच्यापुढं जाब द्यायचा.

मायाप्पानं सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हंजी सरकारवर बी पंच हायत?"

"आहेत की," वकील म्हणाले. "आणि आपण त्यांच्यापुढं बसायचं कबूल केलंय."

मायाप्पा परत निघाला तेव्हा त्याला गाडीत बसायला जागा मिळाली नाही, पण मंगळवेढ्यापर्यंत उभं राहूनही पाय दुखले नाहीत. राजाबाईला त्यानं सांगितलं तेव्हा तिनं हातातली मळलेली कणीक तशीच ठेवली आणि पुन्हा सांगा म्हणाली. मग त्यानं झाडाखाली बसलेल्या पंचांपुढं मांडलं. तिथं मोठी चर्चा झाली. अठरा पंच म्हणजे फार झाले, भांडणं होत असतील, असं एकाला वाटलं. दुसऱ्यानं विचारलं की ते कुठल्या देवापुढं बसतात. देव नसतो, नुसतं टेबल असतं, असं मायाप्पानं वकिलांचं ऐकून सांगितलं, तेव्हा जरा निराशा झाली. पण येडूतात्याला मुद्दा पटला. ज्याच्यावर पंच आहेत त्याला चूक कबूल करायला लावता येतं, एवढं त्याला पुरेसं होतं. जत्रेपर्यंत थांबू, असं त्यानं ठरवलं. अठरा पंचांनी सरकारला सांगावं, सरकारनं आपला माणूस पाठवावा, शिपाई चालेल, पण त्यानं भंडारा लावावा.

आज हे वाचून हसू येतं. तेव्हा त्या झाडाखाली कुणी हसत नव्हतं. पंचापुढं बसलेला माणूस आपल्यावरचं गाऱ्हाणं ऐकायला नाही म्हणू शकतो, हे त्यांच्या रिवाजात कुठं बसतच नव्हतं, म्हणून त्यांच्या मनातही आलं नाही.

जत्रेच्या आधी मायाप्पा पुन्हा सोलापूरला गेला. या खेपेला वकील दारात नव्हते. आत खुर्चीत बसले होते आणि समोर मुंबईच्या एका वकील मित्राकडून मागवलेला कराराचा पुरा कागद पडला होता. त्यांनी बस म्हटलं आणि चष्मा पुसला.

"सही केली आहे मायाप्पा. पण सही करताना खाली लिहून दिलंय."

"काय?"

"त्या नवव्या कलमाबद्दलच. विनाचौकशी आत ठेवायचा आमच्या घटनेतला अधिकार आम्ही ठेवणार. आणि सरकारनं बेकायदा आत टाकलं म्हणून सरकारकडून भरपाई मागायचा हक्क आमच्या कायद्यात नाही."

"भरपाई कुणाला पायजे वकीलसायेब? निस्तं येऊन म्हनायचं हाय, चुकलं म्हनून."

"ते त्यांच्या तोंडून वदवायला दावा लागतो. आणि दावा उभा करायचा तर तो भरपाईचाच करावा लागतो रे."

मायाप्पानं विचार केला. मग म्हणाला, त्या अठरा पंचांकडं आपणच जाऊ, तुमी लिवा, मी अंगठा देतो. वकिलांनी मान हलवली. साध्या माणसाला थेट तिथं दाद मागता यावी म्हणून निराळा कागद होता. काही देशांनी त्यावर सही केली होती. आपण केली नव्हती. समितीपुढं देशानं आपला अहवाल आपणच द्यायचा, आणि त्या अहवालात मायाप्पाचं नाव कोण घालणार? या नव्या सरकारातही आणीबाणीत तुरुंग भोगलेली माणसं बसली होती, त्यांच्याच काळात ही सही झाली होती, आणि तरी त्यांनी नेमकं हेच कलम कुंपणाबाहेर ठेवलं होतं. वकील हे सांगता सांगता स्वतःवरच चिडले. त्यातल्या दोघांबरोबर ते जेलात एका ताटात जेवले होते.

"पंचात बसायचं," मायाप्पा हळू म्हणाला, "पर आपल्यावरचं गाऱ्हानं ऐकायचं न्हाय. आसं चालतंय व्हय?"

"चालतं," वकील म्हणाले. "पुष्कळ देश तसंच करतात."

मायाप्पा उठला. वकिलांनी त्याला जेवून जा म्हटलं, तो नको म्हणाला. वकिलांकडची भाकरी त्यानं पहिल्यांदाच नाकारली होती. दोघांनाही ते कळलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी त्यानं राजाबाईला सांगितलं की सरकार येणार नाही. ती म्हणाली, न्हाय आलं तर न्हाय. काठी गेली तर जाऊ द्या, भंडाऱ्यावर खोटं बोलू नका. मायाप्पा म्हणाला की पणज्यापासून चालत आलेला मान माझ्या हातून तुटला, असं आपल्या मागं लोक म्हणतील. ती म्हणाली, म्हणू द्या, मी आजवर सगळ्यांशी भांडले, पुढंही भांडीन. खरं सांगायचं तर मायाप्पा आता थकला होता. जेलात थकला नव्हता तेवढा या वर्षांत, दर वेळी खरं बोलून, थकला होता.

जत्रेला कुंडलिक वकील आले. का आले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. ढोल वाजत होते, पालखी सजून तयार होती, काठी देवळाला टेकून उभी होती. पंच बसले. येडूतात्यानं मायाप्पाकडं बघितलं आणि सरकारचं माणूस आलं का, असं विचारलं. मायाप्पानं मान हलवली. मग येडूतात्या चुलतभावाला बोलावणार, तेवढ्यात मायाप्पा पुढं झाला. उंबऱ्यापाशी वाकून त्यानं मूठभर भंडारा उचलला.

"मी कबूल करतो," तो म्हणाला. "मेंढरू मी चोरलं व्हतं."

ढोल थांबले. कुंडलिक वकील गर्दीतून पुढं यायला लागले, काहीतरी बोलायला त्यांनी हातही वर केला, आणि मायाप्पानं त्यांच्याकडं असं बघितलं की तो हात तसाच खाली आला. कुणाचं, कधी, कुठलं, यातलं काही येडूतात्यानं विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला खरं काय ते ठाऊक होतं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. देवळामागं मायाप्पाचं बकरं आधीच बांधलेलं होतं. येडूतात्यानं त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि काठी त्याच्या हातात दिली.

वकिलांनी त्याला गर्दीतच गाठलं. असं का केलंस, एवढंच त्यांनी विचारलं. मायाप्पा काठी सावरत म्हणाला, "चोराला परत यायला वाट हाय की, सायेब. ज्यानं केलंच न्हाय त्याला कुटनं यायचं?"

पालखी निघाली. काठी पुढं, ढोल मागं. दारोदारी बाया काठीवाल्याच्या पायावर पाणी घालायला तांबे घेऊन उभ्या होत्या. राजाबाईच्या दारात मायाप्पा थांबला. तिनं पाणी घातलं, सगळं नीट रीतीनं घातलं, फक्त त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. पुढचं दार येडूतात्याचं होतं. तात्याच्या बायकोनं, चिमाबाईनं, त्याचे पाय धुतले, पदरानं पुसले, आणि मनापासून मायेनं म्हणाली,

"बरं झालं बाबा. इतकी वर्सं खोटं बोलत व्हतास, शेवटी देवापुढं खरं बोललास."

"व्हय, काकू," मायाप्पा म्हणाला.